बादली आणि काचेचा जीव

तिला सगळे बादली म्हणत. हे नाव ठेवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. पहिल्या सफरीला बोटीने धक्का सोडला, बंदराची भिंत अजून हात लांब केला तर लागेल इतकी जवळ होती, आणि तेवढ्यात तिला उलटी झाली. त्या दिवसापासून बोटीवर ती जिथे जाईल तिथे एक निळी प्लास्टिकची बादली तिच्यासोबत जायची. काहींना गाडी लागते, काहींना बोट लागते. हिला बोटीचं नुसतं चित्र दाखवलं तरी पुरे, असं वर्गातली पोरं म्हणायची. तीही हसायची, कारण हसण्यावारी नेण्यावाचून करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

गंमत म्हणजे समुद्री जीवशास्त्र तिने हट्टाने घेतलं होतं. आई म्हणाली होती, "अगं, बाजारापर्यंत बसने जायचं तरी तू नाकाशी लिंबू धरून बसतेस. समुद्रावर जाऊन काय दिवे लावणार आहेस?" घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. ते भिंग घासत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "लावू दे की दिवे. विझले तर येईल परत." परत यायची वेळ आली तर, हीच एक भीती तेव्हापासून तिच्या मनात घर करून होती.

आणि ती वेळ आता अगदी दाराशी येऊन उभी होती. सफरीच्या आदल्या दिवशी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. सडसडीत अंग, बारीक कापलेले पांढरे केस, आणि बोट कितीही हेलकावे खात असली तरी ताठ उभं राहून चहा पिण्याची सवय. बोट लागणं म्हणजे काय हे त्यांना जन्मात ठाऊक नव्हतं, आणि याचा त्यांना जरा अभिमानही होता.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "तू हुशार आहेस. सूक्ष्मदर्शकाखाली तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. पण बोटीवर कामाची माणसं लागतात. याही सफरीत तू कठड्याला लोंबकळत राहिलीस, तर मी तुला किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत घेईन. बरण्या तपासायच्या, नोंदी करायच्या. त्यात काही कमीपणा नाही."

"नाही मॅडम."

"काय नाही?"

"म्हणजे, हो मॅडम."

कमीपणा खरंच नव्हता. पण ती खोली तिने पाहिली होती. खिडकी नाही, मेलेले जीव टिकवायच्या फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरतात, आणि भिंतभर बरण्यांत मेलेले जीव. तिला जिवंत समुद्र बघायचा होता. पुढच्या मोसमात मोठी सफर निघणार होती, किनारा दिसेनासा होतो त्याच्याही पलीकडे जाणारी, आणि तिच्यात विद्यार्थ्यांसाठी एकच जागा होती. ती जागा पैलवानाला मिळणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

पैलवान तिच्याच वर्गातला. नावाप्रमाणे आडवातिडवा, आणि पोट असं की डेकवर लाटेचं पाणी येत असताना एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने उकडलेली अंडी खायचा. मनाने मात्र लोण्याचा. तिची बादली धुऊन आणून देणारा तोच एकटा होता, आणि तिला सगळ्यात जास्त चिडवणाराही तोच.

सकाळी बोट निघाली. मॅडम गेली कित्येक वर्षं एकाच प्रश्नामागे लागल्या होत्या आणि याही सफरीचं काम तेच होतं. या पाण्यात मासे अंडी घालतात भरपूर, पण त्यांतून पिल्लं निघतात फारच थोडी. मग अंडी जातात कुठे? ती खातं कोण? दरवर्षी त्या ठरलेल्या जागांवर बोट थांबवून बारीक विणीचं जाळं खोल सोडायच्या, वर काढायच्या, त्यात आलेले इवलेइवले तरंगते जीव बरणीत भरून मोजायच्या. आरोपी काही सापडत नव्हता. एका जिवावर कुणीही संशय घेतला असता. तो म्हणजे कंगवा-जेली, काचेसारखा पारदर्शक, अंगावर केसांच्या बारीक कंगव्यांच्या रांगा असलेला आणि माशांची अंडी चवीने खाणारा. पण कंगवा-जेली या पाण्यात नसतेच, हे मॅडमनीच सिद्ध करून ठेवलेलं होतं. इतक्या वर्षांच्या इतक्या बरण्यांत एकही सापडली नव्हती.

बोटीवर मॅडमचा एक नियम होता, आणि तो डेकवरच्या फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेला होता: जाळं वर, फॉर्मॅलिन आत, गप्पा नंतर. जाळ्याच्या बुडाशी बांधलेला डबा सोडवायचा, आतला माल बरणीत ओतायचा, आणि दुसरं काहीही करण्याआधी त्यावर फॉर्मॅलिन घालायचं. ओतणाऱ्याने मग "झालं!" अशी आरोळी ठोकायची. त्या आरोळीपर्यंत कुणी शिंकलेलंही मॅडमना चालत नसे. नियमात खोट काढायला जागा नव्हती. उशीर केला तर बरणीतले जीव एकमेकांना खातात, उन्हात नासतात, आणि मग मोजणी खोटी ठरते. पहिल्या वर्षाच्या पोरापासून सगळ्यांच्या अंगात हा नियम इतका मुरला होता की पैलवान घरी चहात साखर घातल्यावरही "झालं!" म्हणतो, असं त्याची बहीण सांगायची.

बोट चालती होती तोवर बादलीचं बरं चाललं होतं. तिच्याकडे पाण्याचा पाइप होता. वर आलेलं जाळं बाहेरून धुवायचं, म्हणजे चिकटलेले जीव खाली डब्यात उतरतात. ती डोळ्यांत तेल घालून उभी होती. पण पहिल्या जागेवर कप्तानाने इंजिन बंद केलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. चालत्या बोटीपेक्षा थांबलेली बोट वाईट. ती पुढे जात नाही, नुसती कूस बदलत राहते, आणि पोटातलं सगळं तिच्याबरोबर कूस बदलतं. जाळं खाली गेलं, वर आलं, तिने ते नीट धुतलं, पाइप खाली ठेवला, आणि मग धावत जाऊन कठड्यावरून अर्धी बाहेर वाकली.

पोट रिकामं झाल्यावरही ती तशीच वाकून राहिली. डोकं उचलायचा धीर होईना. बोटीच्या सावलीमुळे खालचं पाणी काळं दिसत होतं, आणि त्या काळ्या पाण्यात तिला काहीतरी घसरताना दिसलं.

वस्तू अशी काही दिसली नाही, घसरला तो उजेड. एक वाकडी रेघ चमकली, विझली, जरा पुढे पुन्हा चमकली.

हे तिने लहानपणापासून पाहिलेलं होतं. दुकानात तयार भिंग तपासताना बाबा ते काळ्या मखमलीच्या तुकड्यावर धरून हलकेच कलतं करायचे. ती मांडीवर बसून विचारायची, "बाबा, मला तर काहीच दिसत नाही." बाबा म्हणायचे, "काच दिसत नसतेच गं. काचेवरून उजेड घसरतो ना, तो बघायचा." शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत तिला भिंगावरचा ओरखडा बाबांच्या आधी दिसायला लागला होता.

आता तिने तसंच बघितलं. उजेडाच्या रेघा मोजत गेली तशी आकृती भरत गेली. लांबट, फुगीर, तळहाताएवढं अंग, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत रंग पळताहेत. एक नव्हता, खाली आणखी होते. "मॅडम!" ती किंचाळली. "कंगवा-जेली!"

"झालं!" पाठीमागे पैलवानाने आरोळी ठोकली.

मॅडम आल्या, कठड्यावरून वाकल्या, डोळ्यांवर हात धरून बघितलं. तेवढ्यात बोट वळली, सावली हलली आणि पाण्यावर ऊन लखलखलं. कुणालाच काही दिसेना. मॅडम मागे गेल्या, नुकतीच भरलेली बरणी उचलून उजेडात धरली. खाली नेहमीचे इवलेइवले झिंगे, अळ्या, आणि वर गढूळ, चिकट शेंबडासारखं काहीतरी. "शेंबूड आहे फक्त," त्या म्हणाल्या. "नेहमीसारखाच. गाळून टाकायचा." मग तिच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघून जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "पोट रिकामं झालं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात गं. बस जरा सावलीत."

ती सावलीत बसली, बादली मांडीत घेऊन. रडू येत होतं. ओरडून सांगितलेली गोष्ट सगळ्यांसमोर खोटी पडली होती, आणि किनाऱ्यावरची ती बिनखिडकीची खोली आता डोळ्यांसमोर अगदी स्पष्ट उभी होती. पैलवान पाणी घेऊन आला आणि म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं. आता उलटीलाही शास्त्रीय कारण?"

"तू गप रे," ती म्हणाली. आणि मग एकदम थांबली. "पैलवान, शेंबूड नेहमीसारखाच, असं म्हणाल्या ना मॅडम?"

"मग? असतोच की तो प्रत्येक बरणीत."

"पण तो आहे कशाचा?"

हा प्रश्न विभागात कुणी कधी विचारला नव्हता. शेंबूड गाळायचा असतो, इतकंच सगळे शिकले होते. ज्या जिवाचं सगळं अंगच पाण्याचं, त्याचं फॉर्मॅलिनमध्ये काय होत असेल? आणि बरणी भरून "झालं!" म्हणेपर्यंत तर तिच्यात डोकावूनही बघायचं नाही, असा नियम.

ती उठून मॅडमकडे गेली. "मॅडम, पुढच्या बरणीत फॉर्मॅलिन नको घालूया. आधी जिवंत बघू."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "एका जागेचा नमुना बुडवायचा? तुला चमकताना दिसलं म्हणून? इतक्या वर्षांची मोजणी एकाच पद्धतीने चालली आहे. मध्येच पद्धत बदलली तर सगळ्याच आकड्यांची माती होईल. नाही."

मॅडमचंही बरोबर होतं. शिवाय जाळ्यात घासून तो जीव आधीच फाटत असणार. जाळ्याला आणि बरणीला हात न लावता काहीतरी करायला हवं होतं. बादलीने तोंड पुसलं आणि शेंडी तुटो की पारंबी तुटो असं ठरवून तडक बोटीच्या स्वयंपाकघरात गेली.

"काका, सूप वाढायचं ते मोठं ओगराळं द्या. आणि ती साखरेची काचेची बरणी."

स्वयंपाकीकाकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिच्या पोटाशी काकांची जुनी दुश्मनी होती; त्यांचं एकही जेवण त्या पोटात टिकलं नव्हतं. "सूप पिणार आहेस?"

"समुद्र ढवळणार आहे."

"साखर दुसऱ्या डब्यात काढून घे," काका म्हणाले, "आणि ओगराळं बुडवलंस तर समोरासमोर सांगायला ये. लपून बसू नकोस."

बोटीच्या मागच्या बाजूला पाण्याला लागून एक फळी होती, पाणबुडे उतरतात तिथे. पुढच्या जागेवर इंजिन थांबलं, जाळं खाली सुटलं, आणि ती कमरेला पट्टा बांधून त्या फळीवर पालथी झोपली. पट्ट्याचा दोर पैलवानाच्या हातात. ओगराळं झाडूच्या दांड्याला घट्ट बांधलेलं.

"मॅडमनी बघितलं तर दोघांचंही कल्याण आहे," पैलवान म्हणाला.

"दोर धर. बोलू नकोस."

पहिल्यांदा तिने ओगराळं पाण्यात घातलं आणि नेमकी तेव्हाच तिला उलटी झाली. पोटात काही उरलं नव्हतं तरी झाली. दुसऱ्यांदा हात थरथरला आणि पाणी ढवळलं गेलं; तो जीव तिच्या डोळ्यांदेखत दोन तुकडे होऊन गेला. तिला स्वतःचाच राग आला. मग तिच्या लक्षात आलं की आपण बोटीशी भांडतोय. बोट खाली जाते तेव्हा आपण हात वर ओढतोय. तिने भांडण सोडून दिलं. बोटीबरोबर खाली गेली, बोटीबरोबर वर आली, आणि डोळे मात्र त्या काळ्या पाण्यातल्या घसरत्या उजेडावरून हलू दिले नाहीत. पोटाला काय करायचं ते करू दिलं. वर जाळं ओढणारी विंच घरघरायला लागली, तिची पाइपवरची जागा रिकामी होती, आणि मॅडमचा आवाज आला, "बादली कुठे आहे?" तिने ओ दिली नाही. ओगराळं जिवाच्या खाली नेलं, लाटेने तो आपण होऊन आत आला, आणि तिने श्वास रोखून ते उचलून साखरेच्या बरणीत अलगद रिकामं केलं.

ती डेकवर आली तेव्हा मॅडमनी स्वतःच जाळं धुऊन बरणी भरली होती. त्यांच्या बाह्या भिजल्या होत्या आणि चेहरा दगडासारखा होता. "जागा सोडलीस?" त्या म्हणाल्या.

"हो मॅडम. सोडली." तिने साखरेची बरणी मेजावर ठेवली. खिशातून काळ्या मखमलीचा तुकडा काढला, जो बाबांनी चष्मा पुसायला दिला होता, आणि बरणीच्या मागे धरला. "उजेड बघा मॅडम. काच बघू नका."

मॅडम वाकल्या. क्षणभर काहीच नव्हतं. मग काळ्यासमोर तो उमटला. काचेचा कंदील असावा तसा, कंगव्यांच्या रांगा फडफडताहेत, आणि त्यांवरून तांबडा, हिरवा, जांभळा रंग धावतोय. कप्तान वरून उतरून आला. स्वयंपाकीकाका ओगराळं शाबूत आहे का बघायला आले होते, तेही उभे राहिले.

"पोटात बघा," बादली म्हणाली.

त्या पारदर्शक पोटात मोहरीएवढे गोल दाणे एकमेकांना चिकटून बसले होते. मॅडमनी खिशातलं भिंग काढलं. ते बरणीला टेकवलं. "माशांची अंडी," त्या पुटपुटल्या.

मग त्या सरळ झाल्या. "आणखी आहेत का खाली?"

"पुष्कळ आहेत मॅडम."

"आणखी एक आण."

बादलीने आणला. या वेळी पहिल्याच फेरीत. मॅडमनी तो वेगळ्या बरणीत घेतला आणि इतकी वर्षं जे न बघता केलं होतं ते पहिल्यांदाच बघत बघत केलं: त्यावर फॉर्मॅलिन ओतलं. रंग विझले. कडा सुरकुतल्या. मग अंग सुटत गेलं, धागे झाले, धाग्यांचा गढूळ चिकट गोळा झाला, आणि बरणीत नेहमीचा शेंबूड उरला.

"झालं," पैलवान अगदी हळू म्हणाला. सवयच ती.

सगळे मॅडमकडे बघत होते. बादलीला वाटलं, आता या रडतील किंवा मला पाण्यात टाकतील. मॅडमनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" त्या म्हणाल्या. "आरोपी दरवर्षी माझ्या हातात येत होता आणि मी त्याला गाळून मोरीत ओतत होते. वर कागदावर सही करून सांगत होते की तो इथे राहतच नाही!" हसता हसता त्यांनी फळ्याकडे बघितलं, पुढे झाल्या आणि स्वतःच्या अक्षरातला तो नियम स्वतःच्या बाहीने पुसला. खडू घेऊन लिहिलं: आधी बघा.

बादलीचा आनंद तिच्या अंगात मावेना. इतका की बोट अजून थांबलेलीच आहे आणि पोट अजून ढवळतंच आहे, याचा तिला काही वेळ विसरच पडला. पैलवानाने तिला उचलून गरकन फिरवलं, मग मात्र आठवण आली.

"तो पट्टा इकडे आण," मॅडम म्हणाल्या. "मला माझ्या डोळ्यांनी पाण्यात बघायचंय."

"मॅडम, फळीवर डोकं खाली करून..." बादलीने सांगून बघितलं.

"मला बोट लागत नाही," मॅडम म्हणाल्या आणि फळीवर पालथ्या झोपल्या. बादली त्यांच्या शेजारी झोपली आणि कुठे बघायचं ते बोटाने दाखवत राहिली. मॅडमना पहिला दिसला, दुसरा दिसला, मग एकदम खाली खोलवर, थवेच्या थवे. त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या, "अगं, हे तर सगळीकडेच आहेत!" आणि हे वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचा चेहरा हिरवट झाला, ओठ आवळले गेले, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच समुद्राकडे केविलवाण्या नजरेने पाहिलं.

बादलीने मागे हात केला. पैलवानाने काही न विचारता निळी बादली तिच्या हातात दिली, आणि तिने ती मॅडमच्या पुढे धरली. दुसऱ्या हाताने त्यांचं कपाळ धरलं, आई धरायची तसं.

बऱ्याच वेळाने मॅडमनी मान वर केली. डोळे लाल, केस ओले. "असं होतं तुला?" त्यांनी विचारलं. "दर वेळी?"

"हो मॅडम."

"आणि असं होत असताना तू हे पकडलंस?"

"हो मॅडम."

मॅडमनी बादली स्वतःच धुऊन तिच्या हातात दिली. "मोठ्या सफरीचं सामान भरायला लाग," त्या म्हणाल्या. "पैलवानासाठी मी वेगळी जागा मागून घेईन, दोर धरायला माणूस लागेलच. ते ओगराळं मी काकांकडून विकत घेते. आणि बादल्या दोन घे, एक माझी."